वंश, वंशभेद आणि अमेरिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या वंशभेदाच्या इतिहासावर मी लिहितो-बोलतो, म्हणून लोक प्रश्न पाठवतात. काही मुलगा-सून तिकडे असलेल्या आजीआजोबांचे, काही न्यू जर्सीत नुकतंच बिऱ्हाड थाटलेल्यांचे, काही इथल्या कॉलेजातल्या मुलांचे. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवलेली बरी. आधी सोपे आहेत, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'रेस'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? वंश, वर्ण की जात?

वंश म्हणा, पण जपून. आपल्याकडे वंश म्हणजे मुळात कूळ, घराणं : वंशावळ, वंशाचा दिवा. वर्ण म्हणजे रंगही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही, त्यामुळे 'वर्णद्वेष' हा शब्द दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे रुळला तरी त्यानं घोळ होतोच. 'रेस'मागची कल्पना अशी, की माणसांचे जन्मानं ठरणारे, शरीरावरून ओळखू येणारे मोठे गट असतात आणि त्यांची अक्कल-स्वभावही त्यावरूनच ठरतात. मी कल्पना म्हणतो आहे, वस्तुस्थिती नव्हे.

आणि लग्नाच्या जाहिरातीतलं 'गोरी, उंच, सडपातळ'? तो रंगाचा सोस. एका घरात एक बहीण गोरी आणि एक सावळी असली तर सावळीला स्थळं कमी येतात, पण तिला वेगळ्या वंशाची कुणी म्हणत नाही. अमेरिकी वंशभेदात मात्र रंग अगदी गोरा असूनही सुटका होत नसे (प्रश्न ७).

२. पण फरक डोळ्यांना दिसतो ना? मग वंश खोटा कसा?

फरक खरे आहेत, त्यांची कप्पेबंदी खोटी आहे. त्वचेचा रंग उन्हाशी जोडलेला आहे. विषुववृत्ताजवळ प्रखर ऊन, तिथे गडद त्वचा टिकली; उत्तरेकडे ऊन कमी, तिथे फिकी त्वचा 'ड' जीवनसत्त्वासाठी सोयीची ठरली. केरळ ते काश्मीर रेल्वेनं जा, रंग हळूहळू बदलत जातो. अमुक स्टेशनावर एक वंश संपून दुसरा सुरू झाला असं दाखवता येत नाही. शिवाय रंगावरून नातं कळत नाही. सॉलोमन बेटांवरचे लोक दिसायला आफ्रिकी वाटतात, पण जनुकांच्या हिशेबात ते आफ्रिकेपासून फार दूर आहेत.

१९७२ साली जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी गणित मांडलं : माणसामाणसांत जी जनुकीय विविधता आहे, तिचा सुमारे ८५ टक्के भाग एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो. नंतरच्या अभ्यासांतही चित्र साधारण तेच राहिलं. पूर्वज कुठल्या भागातले होते याचा अंदाज जनुकांवरून बांधता येतो, हेही खरं. पण त्यावरून माणसांचे चार किंवा पाचच गट पाडायचे आणि रेघ इथेच मारायची, हे जनुकं सांगत नाहीत. ते माणसं ठरवतात.

३. मग सिकलसेलसारखे आजार काळ्या लोकांतच का?

हा प्रश्न विदर्भातल्या वाचकानं तरी विचारू नये! गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार इथल्या आदिवासी गावांत सिकलसेल घरोघरी माहीत आहे. ग्रीसच्या काही भागांत आणि अरबस्तानातही तो आहे. त्याचा संबंध मलेरियाशी. आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक आलं तर मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, दोघांकडून आलं तर आजार होतो. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे हे जनुक टिकलं. अमेरिकेत ते मुख्यतः आफ्रिकी वंशजांत दिसतं, कारण गुलाम करून आणलेली माणसं मलेरियाच्या प्रदेशातली होती.

डॉक्टरांनी वंशालाच निदान मानलं की काय होतं याचं उदाहरण मूत्रपिंडाच्या तपासणीचं. रुग्ण काळा असेल तर आकडा वाढवून धरायचा, असं अमेरिकेतलं सूत्र वर्षानुवर्षं चाललं. मूत्रपिंड होतं त्यापेक्षा बरं दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. वंश काढून टाकलेलं नवं सूत्र २०२१ साली आलं.

४. गुलामगिरी तर जगभर होती. अमेरिकेलाच का धरता?

होतीच, आपल्याकडेही होती. मलिक अंबरचं उदाहरण घ्या. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्म, लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला आला आणि शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. मोगलांना त्यानं जेरीस आणलं, जमीन महसुलाची घडी बसवली, १६१० साली खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. जंजिऱ्याचे सिद्दीही आफ्रिकी वंशाचेच, आणि त्यांच्यापुढे मराठ्यांनी किती दारूगोळा खर्च केला हे शाळेत आपण सगळ्यांनी वाचलं आहे.

म्हणून गुलामगिरी बरी होती असं नाही. पण गुलाम असणं ही स्थिती होती, ती बदलू शकत होती. मोगल दरबारात अंबरच्या रंगावरून त्याला हिणवलं गेलं, तरी 'हबशी आहे म्हणून हा राज्य चालवू शकत नाही' असा कायदा कुणी केला नाही. अंबर १६२६ साली वारला. नेमक्या त्याच शतकात अटलांटिकपलीकडे ही स्थिती कायमची आणि वंशपरंपरागत करण्याचं काम सुरू झालं.

५. गोरे आणि काळे ही विभागणी नेमकी कधी सुरू झाली?

याचं उत्तर लांब आहे, कारण ही गोष्ट तारीखवार सांगता येते. फार थोड्या सामाजिक दुष्टाव्यांचा असा दप्तरी पुरावा मिळतो.

१६१९च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीच्या किनाऱ्यावर एका इंग्रज लुटारू जहाजानं वीसेक आफ्रिकी माणसं उतरवली. पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावरून लुटलेली, मूळची अंगोलाकडची. त्या वेळी तिथल्या तंबाखूच्या शेतांवर राबणारे बहुतेक जण गरीब इंग्रज होते. जहाजाचं भाडं फेडण्यासाठी काही वर्षं करारानं बांधलेले चाकर. आपल्याकडून मॉरिशसला गेलेल्या गिरमिटियांसारखे. सुरुवातीच्या दशकांत काही आफ्रिकी माणसं मोकळीही झाली. अँथनी जॉन्सन नावाच्या आफ्रिकी माणसाच्या नावावर १६५१ साली अडीचशे एकर जमीन होती. काळा रंग आणि जन्मभराची गुलामी यांची गाठ अजून पक्की बसली नव्हती.

ती एकेका निकालानं, एकेका कायद्यानं आवळली गेली. १६४० साली तीन चाकर एकत्र पळाले आणि एकत्रच पकडले गेले. त्यांतल्या डच आणि स्कॉटिश माणसांची चाकरी चार वर्षांनी वाढवली. तिसरा जॉन पंच, आफ्रिकी. त्याला जन्मभर चाकरी. १६५६ साली एलिझाबेथ की हिनं कोर्टातून आपली सुटका करून घेतली : वडील इंग्रज आहेत आणि मी बाप्तिस्मा घेतलेली आहे, असे तिचे मुद्दे. पुढच्या अकरा वर्षांत या दोन्ही वाटा बुजवल्या. १६६२चा कायदा म्हणाला, मूल आईच्या दर्जाचं. इंग्लंडच्या रीतीनं मूल बापाचं असे, इथे ती रीत उलटी केली. म्हणजे मालकानं गुलाम बाईवर बळजबरी केली तर होणारं मूल मालकाच्याच मालमत्तेत जमा. १६६७चा कायदा म्हणाला, बाप्तिस्म्यानं गुलामी सुटत नाही.

१६७६ साली नथॅनियल बेकनचं बंड झालं. बेकन काही गरिबांचा कैवारी नव्हता. अमेरिकेतल्या मूलनिवासींना (ज्यांना आपण 'रेड इंडियन' म्हणत आलो) मारायला सरकार मोकळीक देत नाही, हे त्याचं गाऱ्हाणं होतं. पण त्याच्या झेंड्याखाली गोरे चाकर आणि काळे गुलाम एकत्र आले आणि राजधानी जेम्सटाउन त्यांनी जाळली. शेवटपर्यंत शस्त्र खाली न ठेवणाऱ्यांच्या एका तुकडीत ८० काळे आणि २० इंग्रज होते. जमीनदारांच्या पोटात गोळा आणणारं दृश्य ते हेच.

१६९१च्या कायद्यात 'गोरा' हा शब्द कायद्याची भाषा म्हणून येतो : जो गोरा वा गोरी काळ्याशी, मिश्र रक्ताच्या माणसाशी किंवा मूलनिवासीशी लग्न करेल, त्याला वसाहतीतून हद्दपार करा. १७०५ साली सगळे नियम एकत्र बांधले. करार संपलेल्या गोऱ्या चाकराला जाताना मका, पैसे आणि बंदूक द्यायची. गोऱ्या ख्रिस्ती चाकराला न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय उघडं करून फटके मारायचे नाहीत. गुलामांनी पाळलेली गुरं-डुकरं मात्र जप्त करून विकायची आणि पैसा त्या भागातल्या गरिबांसाठी वापरायचा. शेवटचं कलम पुन्हा वाचा. गरीब गोऱ्याला जमीनदारानं आपलं काहीच दिलं नाही, काळ्याचं काढून दिलं.

सगळं बंडामुळेच घडलं असं मात्र मानू नका. १६६२चा कायदा बंडाआधीचा आहे, आणि १६८० नंतर इंग्लंडहून चाकर येणं कमी होऊन गुलामांचा व्यापार वाढत गेला, हेही कारण तितकंच मोठं. इतिहासकार यावर अजून भांडतात. क्रम मात्र वादातीत आहे : आधी फुकटची मजुरी, मग कायदा, आणि 'ते मुळातच हलके' हा सिद्धांत सगळ्यात शेवटी.

६. 'कॉकेशियन' हा शब्द शास्त्रीय आहे ना?

एका कवटीच्या प्रेमातून आलेला शब्द आहे. स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञानं १७५८ साली माणसाचे चार प्रकार करून प्रत्येकाला रंग आणि स्वभाव चिकटवला. युरोपी माणूस कायद्यानं चालणारा, आफ्रिकी लहरीनं, वगैरे. पुढे जर्मनीत ब्लूमेनबाखनं पाच प्रकार केले आणि १७९५ साली युरोपीयांना कॉकेशियन नाव दिलं, कारण त्याच्या संग्रहातली जॉर्जियातल्या एका बाईची कवटी त्याला सर्वांत देखणी वाटली. गंमत अशी की स्वतः ब्लूमेनबाख काळ्यांना कमी लेखणारा नव्हता. नाव मात्र कमी लेखणाऱ्यांच्या कामी आलं.

कवट्यांच्या या धंद्याला एका मराठी बाईनं दिलेलं उत्तर आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्यांचं वंशशास्त्र पुढे नाझींनी डोक्यावर घेतलं. विषय होता कवटीच्या दोन बाजूंतला असमतोल. युरोपीयांच्या कवट्या इतरांपेक्षा वेगळ्या निघाव्यात, अशी अपेक्षा होती. इरावतीबाईंनी मोजमाप केलं आणि वंशाचा काही संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. मोजपट्टी त्यांनी पुढेही सोडली नाही, पुण्याला परतल्यावर इथल्या जातीजमातींची मापं त्या घेत राहिल्या. पण तिथे, त्या माणसासमोर हा निष्कर्ष लिहायला काय लागलं असेल!

७. बराक ओबामांची आई गोरी होती. मग ते काळे कसे?

अमेरिकेतल्या 'एका थेंबाच्या' नियमामुळे : काळ्या पूर्वजाचा एक थेंब असला तरी माणूस काळा. उलट नियम, म्हणजे गोऱ्या रक्ताचा एक थेंब असला की गोरा, कधीच नव्हता. होमर प्लेसी आठपैकी सात हिस्से गोरा होता, पाहून कुणाला कळलंही नसतं. १८९२ साली न्यू ऑर्लिन्सला तो ठरवून रेल्वेच्या गोऱ्यांसाठी राखीव डब्यात बसला, स्वतःच ओळख सांगितली आणि अटक करून घेतली. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयानं डबे वेगळे असण्यात गैर नाही असा निकाल दिला, तो जवळपास साठ वर्षं मानगुटीवर बसला.

थेंबाचा नियम सर्वांत कडक झाला तो व्हर्जिनियातच, १९२४ साली. त्यातही एक मजेदार फट ठेवली होती : मूलनिवासी रक्ताचा सोळावा हिस्सा चालेल. का? तिथली बडी घराणी आपण पोकाहाँटस या मूलनिवासी सरदारकन्येचे वंशज असल्याचं अभिमानानं सांगत. नियम त्यांच्याच अंगावर आला असता!

ओबामांनी २०१० च्या जनगणनेत एकापेक्षा जास्त चौकोन भरता येत असूनही फक्त 'काळा' हाच भरला. थेंबाचा नियम ज्यांच्यावर लादला, त्यांनीच पुढे त्यातून एकजूट उभी केली. म्हणून आज ती ओळख नुसती लादलेली उरलेली नाही.

८. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली. इतक्या वर्षांनंतरही तेच रडगाणं का?

कारण १८६५ नंतर मतदान, शाळा, घर, कर्ज यांचे वेगळे नियम झाले. एकच घेतो, घराचा. आपल्याकडेही सामान्य माणसाची संपत्ती म्हणजे घरच, म्हणून ते चटकन कळतं. १९३०च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले. सुरक्षित वस्ती हिरवी, धोक्याची लाल. काळी वस्ती जवळपास हमखास लाल. पुढे सरकारी हमीच्या गृहकर्जांतही तीच दृष्टी राहिली. महायुद्धानंतर लाखो गोऱ्या कुटुंबांनी स्वस्त कर्जावर उपनगरांत घरं घेतली, त्यांच्या किमती चढल्या, त्यावर मुलं शिकली. काळा सैनिक त्याच युद्धातून परतला, पण बँकेच्या दारातून मागे फिरला. घरांबाबतचा भेदभाव कायद्यानं बंद झाला १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. म्हणजे ही आपल्या आजोबांच्या काळातली गोष्ट आहे.

९. आपण भारतीय तिथे कोणत्या वंशाचे धरले गेलो?

वर्षावर अवलंबून! १७९०च्या कायद्यानुसार नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' परदेशीयांना मिळे. १८७० साली त्यात आफ्रिकी वंशजांची भर पडली. मग आपण कोण? मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा १९१० साली अपिलात गोरे ठरले. १९२२ साली ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, रंग उजळ असून उपयोग नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन. लगेच १९२३ साली पंजाबचे भगतसिंग थिंद त्याच न्यायालयासमोर आले. अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले. ते म्हणाले, शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे. ओझावांचा निकाल लिहिणाऱ्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की असाल, पण सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तसे तुम्ही नाही. तीन महिन्यांत शास्त्र मोडीत निघालं.

त्यानंतर अनेक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बागाई यांनी त्या पायी १९२८ साली आत्महत्या केली. भारतीयांना नागरिकत्वाची वाट १९४६ साली उघडली, वर्षाला शंभर जणांच्या प्रवेशासह.

जनगणनेचा खेळ निराळाच. १९२०, १९३० आणि १९४० साली आपला वंश 'हिंदू' होता, मग माणूस शीख असो की मुसलमान. १९७० साली आपण 'गोरे'. १९८० पासून 'एशियन इंडियन'. इतक्या वेळा वंश बदलला, माणसं तीच.

१०. मग फॉर्मवर मी कोणता चौकोन भरू?

'एशियन', आणि पुढे विचारलं तर 'एशियन इंडियन'. 'अमेरिकन इंडियन' हा चौकोन तिथल्या मूलनिवासींचा आहे, तो चुकून भरू नका. आईबाप वेगवेगळ्या गटांतले असतील तर २००० पासून जनगणनेत एकापेक्षा जास्त चौकोन भरता येतात.

११. आपण आर्य ना? कोकणस्थांचे घारे डोळे पाहा.

डोळ्यांचा रंग मुख्यतः दोन-चार जनुकांवर ठरतो. घाऱ्या डोळ्यांची माणसं देशावरही आहेत, पठाणांतही आहेत. 'आर्य' हे मुळात भाषाकुलाचं नाव, वंशाचं नव्हे. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या लोकांचा अंश भारतीयांत आहे, हे प्राचीन जनुकांच्या अभ्यासांतून दिसलं. पण तो कमीअधिक प्रमाणात जवळपास सगळ्यांत मिसळलेला आहे. आर्यत्वाचा दाखला घेऊन थिंद कोर्टात गेले होते. त्याचं काय झालं, ते वर वाचलंत.

१२. जात आणि वंश एकच का? फुले-आंबेडकरांनी काय म्हटलं?

इथे दोघांचं एकमत नाही, आणि ते लपवू नये. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि तिथली गुलामी त्यांना एका जातकुळीची दिसली. पण ब्राह्मण बाहेरून आलेले आर्य आणि बाकीचे मूळचे, ही मांडणीही त्यांनी केली.

पुढे रिस्ली या इंग्रज अधिकाऱ्यानं नाकाची रुंदी मोजून जातीची पायरी ठरते असा दावा केला. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो तपासून बराचसा खोडला. बाबासाहेबांनी घुर्यांचेच आकडे घेऊन १९४८ साली निष्कर्ष काढला की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे. जात वंशातून आलेली नाही, यावर ते कोलंबियातल्या विद्यार्थिदशेपासून ठाम होते. तरी काळ्यांच्या लढ्याशी असलेलं नातं त्यांनी ओळखलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे नेलेल्या निवेदनाच्या प्रती मागणारं त्यांचं पत्र तिथले काळे विचारवंत विल्यम डू बॉइस यांना १९४६ साली गेलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या 'ब्लॅक पँथर' संघटनेवरून.

माझं मत विचाराल तर मूळ वेगळं, काम सारखं. दोन्हीकडे जन्म पाहून काम, विहीर आणि लग्न ठरतं.

१३. भारत सरकार तर म्हणतं जात म्हणजे वंश नाही. मग वाद कसला?

वाद २००१ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी परिषदेत पेटला. जात हा अंतर्गत प्रश्न, वंशभेदाच्या परिषदेत नको, अशी सरकारची भूमिका होती. मेख अशी की संयुक्त राष्ट्रांच्या १९६५च्या वंशभेदविरोधी कराराच्या व्याख्येत 'जन्मकुळा'वरून होणारा भेदभावही येतो, आणि तो शब्द घालायची सूचना भारताचीच होती. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहरानं २०२३ साली जातीवरून भेदभावाला बंदी केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक गव्हर्नरांनी परत पाठवलं. सध्याच्या कायद्यात ते येतंच, असं त्यांचं म्हणणं.

१४. आम्ही मेहनतीनं वर आलो. काळ्यांना का जमत नाही?

आपली मेहनत खोटी नाही. पण अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्यानं दार उघडलं तेव्हा आत आले ते डॉक्टर, इंजिनीअर, तेही इथल्या करदात्याच्या पैशावर शिकलेले. चाळणीतून निघालेल्या मूठभरांची तुलना एका अख्ख्या समाजाशी कशी करायची? आणि तो कायदा आला कसा, तर काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीनं वंशावर बेतलेले जुने नियम लाजिरवाणे करून टाकले म्हणून. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, व्हिसा आपल्याला मिळाला. उपनगरातल्या आपल्या घराचे कागदही १९६८च्या कायद्यामुळेच निर्धास्त आहेत (प्रश्न ८).

१५. 'काळे', 'निग्रो', 'हबशी' यांतलं काय चालतं?

'निग्रो' जुन्या मराठी पुस्तकांत सर्रास आहे, बाबासाहेबही वापरत. तेव्हा तो सभ्य शब्द होता, आज नाही. 'हबशी' म्हणजे मूळचा अबिसीनियाचा, पण मराठीत त्याची शिवी झाली. 'कृष्णवर्णीय' छापील मजकुरात ठीक. तिकडे 'ब्लॅक' चालतं. घरात आपसांत 'काळू', 'कल्लू' चालतं ते मुलं ऐकतात आणि शाळेत बोलतात. मग फोन येतो.

१६. आता कायद्यात तरी वंश उरला नाही ना?

मिश्र विवाहांवरची बंदी १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं उठवली. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याचा खटला. राज्य पुन्हा व्हर्जिनियाच. पण लग्नाच्या परवान्यासाठी वंश लिहून देण्याची सक्ती तिथे राहिलीच. २०१९ साली काही जोडप्यांनी त्यावर खटला भरला. तेव्हा एका काउंटीनं अर्जदारांपुढे ठेवलेली वंशांची यादी समोर आली. त्यात दोनशेहून जास्त नावं होती, 'मुलाटो', 'ऑक्टरून' (मिश्र रक्ताच्या माणसांसाठीचे जुने शब्द) आणि 'आर्यन'सुद्धा. सक्ती घटनाबाह्य असल्याचा निकाल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लागला.